काकांची टोपी

आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस काका वीजप्रवाह मोजायच्या ॲमीटरशी माणसासारखं बोलतात. काटा अडला की काचेवर नखाने टकटक करतात, "उठ गा, पोरं थांबून राहिली." आमच्या घरातून कॉलेज शिकलेला मी पहिला, आता इथेच शिकवतो, त्यामुळे नियमाचा पक्का. काका कशाचे पक्के, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा प्रॅक्टिकलची परीक्षा होती. काकांनी मुलांना काहीही सांगायचं नाही, अशी मी ताकीदच दिली होती. काटोलहून बसने येणाऱ्या एका मुलीचा काटा शून्याच्या मागे जाऊन बसला. वायरी उलट जोडल्या होत्या, पण घाबरल्यामुळे तिला ते सुचेना. रीडिंग नाही तर पास नाही. तिचे डोळे भरून आले. काका तिच्यासमोरून गेले, टोपी काढली आणि पुढची झापड मागे करून उलटी घातली. ती बघत राहिली, मग तिने वायरी बदलल्या. काटा पुढे सरकला.

"काका, टोपी काहून फिरवली?"

"मानेले ऊन लागून राहिलं, सर."

खिडक्या तर बंद होत्या. तेवढ्यात शेजारच्या मुलाने टोपी पाहून आपल्या बरोबर जोडलेल्या वायरी उलटवल्या. काटा मागे! काकांनी टोपी सरळ केली.

"आता डोळ्यावर ऊन आलं."

मी तक्रारीसाठी प्राचार्यांच्या दारापर्यंत गेलो. पण सांगणार काय, माणसाने टोपी फिरवली? परत आलो. मी बरोबर केलं की चूक, ठरत नाही. आता काका दिसले की माझी नजर आधी टोपीकडे जाते.