मी दोघांची कार्डं उलटवली

"हार्ट एकदम ठीक है आपका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी मला रागच आला. ईसीजी झाला, इको झाला, छातीचा सीटी स्कॅन झाला. मग श्वास कोंडतो तो काय माझ्या हौसेनं? त्यांनी कागदावर लिहिलं, पीटीएसडी. म्हणजे जिवावरचा प्रसंग टळला तरी शरीर त्यातच अडकून राहतं. मनाच्या डॉक्टरांकडे जा म्हणाल्या. मी बायकोला, सुनंदाला, म्हटलं, चल बाई, आता डोकंही तपासून घेऊ.

सुरुवात काशीतल्या दूधविनायकाच्या आमच्या गल्लीतच झाली. पुढे सिलिंडरची हातगाडी, मागे धूर सोडणारी मोटारसायकल, दोन्हीकडे भिंती. मी एका ओट्यावर टेकलो आणि उठताच येईना. मग बाहेर पडणंच बंद केलं. घरातही दार लावलं की घाम फुटायचा. सीटीच्या वेळी दोनदा मशीन थांबवायला लावलं. दवाखान्यात दाराजवळचीच खुर्ची हवी, त्यावरून मी लोकांशी भांडलोसुद्धा.

मी समुद्रातल्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर इलेक्ट्रिशियन. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस काशीत; सध्या आजारपणाच्या रजेवर. भोंगा वाजला की सगळ्यांनी लाइफबोटीपाशी जमायचं. तिथल्या फळ्यावर प्रत्येकाचं कार्ड असतं. ते उलटवलं म्हणजे माणूस सुखरूप पोचला. दर आठवड्याला याची ड्रिल. रत्नागिरीचा सुधाकर फिटर माझा जिवलग दोस्त. आमचं ठरलेलं होतं, जो आधी पोचेल त्यानं दोघांची कार्डं उलटवायची. मोजणी लवकर आटपते, चहा गरम मिळतो.

दोन वर्षांपूर्वी कॉम्प्रेसरला खरीच आग लागली. मी धावत पोचलो आणि सवयीनं दोघांची कार्डं उलटवली. मोजणी बरोबर भरली. सुधाकर मात्र स्टोअररूममध्ये होता, दार अडकलेलं, आत धूर. त्याला कुणी शोधलंच नाही, कारण फळ्यावर तो पोचलेला होता. आग विझल्यावर सापडला. जगला, पण फुप्फुसं कायमची गेली, आणि त्या दिवसाचं त्याला काहीच आठवेना. चौकशीत लिहिलं की तो बाहेर आला होता आणि कुणाला न विचारता परत आत गेला. त्याला नोकरीवरून काढलं. मी गप्प बसलो. भेकडच मी.

मनाचे डॉक्टर वयस्कर गृहस्थ. तीन बैठकांत मी त्यांना आगच सांगत राहिलो. चौथ्या वेळी ते हिंदीत म्हणाले, तुम्ही दर वेळी त्या फळ्यापाशी येऊन अडखळता, तिथे काय झालं? मला रडूच फुटलं आणि मी कार्डांचं सगळं सांगून टाकलं. सुनंदा शेजारी बसली होती, तिनं सगळं ऐकलं. घरी येऊन तिनं फोन माझ्यापुढे ठेवला.

"गोळ्या मी वेळेवर देईन," ती म्हणाली. "पण हे तुम्हालाच करायचंय."

मी सुधाकरला सगळं सांगितलं. पलीकडे नुसती त्याची धाप ऐकू येत होती. शिव्या खायची तयारी होती माझी.

"म्हणजे मी परत आत गेलोच नव्हतो?" तो म्हणाला. "दोन वर्षं आठवतोय रे, कशाला गेलो असेन. मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय." आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला सगळं लिहून पाठवलं, सुधाकरला नक्कल दिली. नोकरी राहील न राहील. गोळ्या चालू आहेत, दार लावून बसायला अजून जमत नाही, पण सुनंदाचा हात धरून दुर्गाघाटापर्यंत जाऊन आलो. कुणाला असा श्वास कोंडत असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा जे सांगायची लाज वाटते. आणि कुठेही काम करत असा, दुसऱ्याच्या नावापुढची खूण त्याची त्यालाच करू द्या. मित्र असला तरी.

सुधाकरचा फोन अजून आलेला नाही. त्याच्या बायकोचा मात्र काल निरोप आला, "भाऊजी, हे आज कितीतरी दिवसांनी शांत झोपलेत."