आईला उतरायला ओटा हवा

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि मी स्पोर्ट बाईक घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असतो, हे मला शोरूममध्ये कोणी सांगितलं नाही. (बायकोने सांगितलं होतं. पण बायकोला विचारून कोणी स्पोर्ट बाईक घेतो का?)

वय त्रेचाळीस, नोकरी साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर. गाडी लालभडक, टाकी बैलाच्या वशिंडासारखी. सीटवर बसलो की एका वेळी एकाच पायाचा अंगठा जमिनीला लागायचा. पण चालत्या गाडीवर पाय टेकायचे कशाला, असा माझा रोखठोक सवाल होता. आठ दिवसांत मी साताऱ्यात झोकात फिरू लागलो. चालवणं उत्तम, थांबणं तेवढं कच्चं.

अशात कुंडलहून मावशीचा आईला फोन आला. हा फोन सात वर्षांनी येत होता, आणि त्या सात वर्षांना कारण मीच होतो. मावशीच्या मुलीच्या लग्नात मी नवरदेवाची मोटरसायकल सावलीत लावायला म्हणून घेतली आणि थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात लावली. मावशी भर मांडवात म्हणाली, "पोराला धड सायकल येत न्हाई, आन् चाललाय मोटरसायकल फिरवाय!" आईला ते फार लागलं. मठ्ठा राहिला बाजूला आणि सख्ख्या बहिणींचं बोलणंच बंद झालं. आता मावशीनेच नमतं घेतलं होतं. "आक्का, झालं गेलं इसर. नातवाच्या बारशाला ये."

"येती," आई म्हणाली, "पर माज्या पोराच्या गाडीवरनं येती!" फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आन् तू रं, तिच्या दारात पडलास, तर मी उंबऱ्याला पाय लावायची न्हाई. तशीच एसटीनं माघारी. सांगून ठेवती."

म्हणजे दोन बहिणींचा अबोला मिटणार की जन्मभर राहणार, हे माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर ठरणार होतं! मी म्हणालो, "आई, तू निवांत बस."

बसण्याचा प्रश्न नव्हताच. आई नऊवारी नेसते, दोन्हीकडे पाय टाकून ऐसपैस बसते. प्रश्न होता चढण्या-उतरण्याचा. रंगीत तालीम सोसायटीच्या आवारात झाली. गाडी साइड स्टँडवर लावली, आईने फुटरेस्टवर पाय ठेवून अंग उचललं, आणि आम्ही तिघं (मी, आई, गाडी) शेजारच्या काकूंच्या तुळशीत!

"आरं, घोड्यावर बसताना नवरदेवालाबी स्टूल देत्यात," आई माती झटकत म्हणाली. बाईच्या बोलण्यात तथ्य होतं. मग गाडी आवाराच्या कट्ट्याला खेटवली, मी हाताने कट्टा धरला, आणि आई वरून पाय टाकून अलगद सीटवर आली. सोपं!

"आणि उतरणार कशा?" बायकोने विचारलं.

"मावशीच्या दारात कमरेएवढा ओटा आहे."

"मधे कुठे थांबायचं झालं तर?"

"असतोच कुठेतरी कट्टा!"

आईच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली. सात वर्षांनी बहिणीला भेटायला आई शाळेतल्या मुलीसारखी निघाली.

नवी गाडी म्हणजे आधी औंधच्या यमाईला जाणं आलं. तिथे एका झाडाचा पार सापडला, पण त्यावर चार म्हातारे बसलेले.

"जरा सरकता का? आईला उतरवायचंय."

"उतरवायचंय? पार्सल हाय का काय?" एक जण म्हणाला. हा गडी मिलिटरीतून रिटायर झालेला निघाला. त्याने लगेच सूत्रं हातात घेतली. "गाडी पाराला लाव! आजून जवळ! ताई, डावा पाय जाग्याव! उजवा पाय उचल! आता खाली!" आई कवायतीत उतरली. देवीला नारळ झाला, चाकाखाली लिंबं फुटली, आणि त्याच हुकमांनी आई परत चढली.

पुढचा रस्ता झकास होता. पुसेसावळी मागे पडली, कडेगाव आलं.

"आरं, च्या घिऊया की."

"ओटा न्हाई, आई."

"त्या हाटेलात बग."

"पायऱ्या हायत, ओटा न्हाई!"

घोटभर चहाविना आम्ही कुंडलमध्ये शिरलो. गल्लीत मांडव, पाव्हणेरावळे, दारात मावशी, तिच्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. सगळं होतं. ओटा मात्र नव्हता! मांडवाला जागा व्हावी म्हणून तो आदल्याच दिवशी जेसीबी लावून पाडला होता. मी न थांबता पुढे गेलो.

"आरं, घर मागं ऱ्हायलं!"

"ओटा पाडलाय, आई! वळसा मारतो, बगू काय सापडतंय."

काही सापडलं नाही. दुसऱ्या फेरीला पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी ओरडली, "आगं आक्का, थांब की!" आईने मागून हात उंच करून "आली, आली!" म्हटलं आणि आम्ही पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला मावशी तांब्या घेऊन गल्लीच्या मधोमधच उभी राहिली. आता थांबणं भाग होतं.

तिथेच कडेला तो जेसीबी पडलेल्या ओट्याचे दगड भरत होता. त्याच्या ड्रायव्हरने आमच्या तिन्ही फेऱ्या पाहिल्या होत्या. गडी हुशार! "मामा, गाडी अशी डावीकडं घ्या," म्हणून त्याने ती भलीमोठी बकेट सीटच्या उंचीला आणून अलगद टेकवली. कोणीतरी तीत सतरंजी टाकली. आई ऐटीत बकेटमध्ये गेली आणि ड्रायव्हरने हौसेने ती आणखी दोन हात वर नेली! पोरींनी बारशाची फुलं उधळली. आमदार निवडून आला तरी इतका थाट होत नाही.

"बगितलंस का?" आई वरून मावशीला म्हणाली. "साताऱ्यापास्नं आणलं पोरानं! कुटं खरचटलं सुदिक न्हाई!"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मी मान झुकवून, हात उंचावून त्या कौतुकाचा स्वीकार केला. तो करायला नको होता. आई उतरल्यामुळे सीट दोन इंच वर आली होती आणि माझा अंगठा हवेत होता. गाडी सावकाश, अगदी समजूतदारपणे आडवी झाली. तिच्याबरोबर मीही पालथा, दोन्ही हात पुढे, थेट मावशीच्या पायांपाशी.

वर आईच्या डोळ्यांत मला एसटीचं वेळापत्रक दिसलं, आणि खरं सांगतो, रडू आलं. सात वर्षांपूर्वी मी या दोघींना तोडलं होतं आणि आज पुन्हा मीच आडवा आलो होतो.

बकेट खाली आली. आई उतरली, पदर नीट केला आणि मावशीवर खेकसली, "बगत काय ऱ्हायलीस? पोरगं दंडवत घालतंय तुला. आशीर्वाद दे की!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. आडव्या गाडीकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. "औक्षवंत हो रं बाळा," म्हणत तिने माझ्या हेल्मेटवर हात ठेवला, आणि दोघी अशा हसत सुटल्या की हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. भाकरतुकडा ओवाळून आई उंबरा ओलांडून आत गेली.

मी उठणार, तेवढ्यात मावशीची सासू काठी टेकत आली. "ऊटू नगंस रं, मी हाय आजून!" तिच्यामागे मावशीची थोरली जाऊ, तिच्यामागे नणंद, मग गल्लीतल्या ओळखीपाळखीच्या म्हाताऱ्या. मी नऊ जणींचे आशीर्वाद एकाच दंडवतात घेतले. कुंडलमध्ये आजही बायका पोरांना माझं उदाहरण देतात, "सातारच्या आक्काचा पोरगा बगा, वडीलधाऱ्यांच्या म्होरनं अर्धा तास ऊटला न्हाई!"

उठणार कसा? बूट गाडीखाली अडकला होता!