दुसरे पिंप

२००६ च्या सप्टेंबरमधील तिसऱ्या शनिवारी, अमेरिकेत टेक्सासमधील शुगर लँडपासून तासाभराच्या अंतरावरील एका मैदानात, माझ्या बारा वर्षांच्या मुलीने घोडीवरून वळताना दुसरे पिंप पाडले. हा सलग चौथा शनिवार होता.

या शर्यतीत तीन रिकामी लोखंडी पिंपे त्रिकोणात ठेवतात. स्वाराने भरधाव जाऊन तिन्हींना वळसा घालून परत यायचे. पिंप पडले की वेळेत पाच सेकंद वाढतात.

घोडी प्रशिक्षक बाईंची होती. तिच्यावर माझी मुलगी आणि बाईंची भाची अशा दोघी शिकत. मोसमाच्या अंतिम शर्यतीसाठी घोडी एकीलाच मिळणार होती: पुढच्या शनिवारी जिची वेळ कमी, तिला. भाचीने त्या महिन्यात एकदाही पिंप पाडले नव्हते.

नागपूरला मी सहा वर्षे वार्ताहर होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे नोकरी करता येत नव्हती. वही मात्र सुटली नव्हती. दोघींच्या फेऱ्यांनंतर मी पिंपांमधील अंतरे पावलांनी मोजली. सारखी भरली. रिकिबीचे पट्टे तपासले. घोडीला कोण काय चारते तेही पाहिले.

परतताना गाडीत मुलीला विचारले, "बाई भाचीला काही वेगळं शिकवतात का गं?"

"नो, आई! सेम थिंग. पिंपाकडे बघायचं नाही, पुढे जायचंय तिकडे बघायचं. आपण बघतो तिकडेच घोडी जाते."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "यार, पोरगी आहे. पाडलं पिंप."

"चार वेळा? तेच?"

"मग घोडीची मुलाखत घे."

पुढच्या शनिवारी शर्यतीआधी बाई कुंपणापाशी आल्या. "आज तुम्ही गाडीत बसा," त्या मला म्हणाल्या.

"का?"

"तुम्ही दर वेळी दुसऱ्या पिंपासमोर स्टॉपवॉच घेऊन उभ्या असता. वळताना ती तुमच्याकडे बघते."

बाईंना पाहणारे कोणी नको असेल, असे मला वाटले. मी मुलीकडे पाहिले.

"आई, प्लीज," ती म्हणाली.

मी गाडीत जाऊन बसले. तिथून मैदान दिसत नव्हते. वही उघडली. प्रत्येक नोंदीच्या वर, सवयीप्रमाणे, मी कुठे उभी होते ते लिहिले होते. चारही शनिवारी एकच जागा होती.

ध्वनिवर्धकावर आधी भाचीची वेळ ऐकू आली: १८.६ सेकंद. थोड्या वेळाने माझ्या मुलीची: १८.९. दोघींनाही दंड नव्हता. घोडी भाचीला मिळाली.

या वेळा मी मोजलेल्या नाहीत, ऐकलेल्या आहेत. मुलीची वेळ जाहीर होताच गाडीतून उतरून मी कुंपणापर्यंत गेले. तिन्ही पिंपे उभी होती.