वजनकाट्यावरचे पाय

नव्या धानाच्या पोत्यांचा वास आला की आमच्या ओसरीतला वजनकाटा आठवतो. बायको आजारी होती आणि चामोर्शीच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला तिचं वजन पाहायला सांगितलं होतं. त्या दिवशी पोत्यांमधून वाट काढत ती काट्यावर चढली, तर वजन चक्क वाढलेलं. मी वाकून पाहिलं. आमच्या दोन्ही लहानग्या पोरी तिच्या मागून एकेक पाय काट्यावर दाबून उभ्या होत्या. "हे काय करून राह्यल्या वं?" मी विचारलं. "आईचं वजन वाढवून राह्यलो, बाबा," धाकटी म्हणाली. "दाबा वं, आणखी दाबा," म्हणत बायको खोकला येईपर्यंत हसली. मग पोरींनी पाय काढले आणि आकडा उतरू लागला, तसा तिला दिसू नये म्हणून मी तबकडीसमोर उभा राहिलो. उन्हाळ्यात ती गेली. पोरी आता मोठ्या झाल्या आहेत. त्या दिवसाचा खरा आकडा त्यांनी कधी विचारला नाही. मला मात्र तो पाठ आहे.