पायाळूची माय

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली चमक उतरते, असे आमच्याकडे सगळे मानतात. त्यामुळे शाळेत जायच्याही आधी मला काम लागले होते. अमरावतीबाहेर आमचा भाजीचा मळा होता. मोट हाकताना नाहीतर टोपले उचलताना कोणाची कंबर धरली की तो आमच्या अंगणात येऊन पालथा पडे. मी तळव्याला कोमट तेल लावून त्याच्या कमरेवरून पाय हलकेच खाली ओढायचा. वजन टाकायचे नाही, एवढेच मायने शिकवले होते. माणूस वडीलधारा असला तर नंतर त्याच्या पाया पडायचे, म्हणजे पाय लावल्याचा दोष फिटतो.

मी बी. ए. झालो आणि थोड्याच दिवसांत वडील तापाने गेले. लोक सांगतील तिथे मी बसलो, सांगतील ते केले. रडू आले नाही. अकोल्याच्या एका शाळेत मला मास्तरची जागा मिळाली होती. मायला सोबत न्यायचे ठरले होते. निघायची वेळ जवळ आली आणि पाण्याचा हंडा उचलताना मायची कंबर धरली. ती भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर पडली, ती उठेनाच. तिला अशी टाकून मी जाणार नव्हतो, आणि शाळा माझ्यासाठी थांबणार नव्हती.

शेजारच्या काकू येऊन बसल्या. म्हणाल्या, "घरात पायाळू अन् माय पडून. लाव ना बापा पाय."

"मायले पाय लावते का कोणी?" माय भिंतीकडे पाहतच बोलली.

"मंग पाया पडन तो."

"पोटात होता तवा त्यानं कमी लाथा मारल्या का? तेवढ्या पुरे."

काकू हसल्या आणि चुलीकडे गेल्या. मी जवसाचे तेल गरम केले आणि हातांनी चोळू लागलो.

"काय करून राहिला?" मायने विचारले.

"चोळून राहिलो."

"पाटी पुसून राहिला तू."

मी चोळणे थांबवले. हात मात्र तिच्या कमरेवर तसाच राहिला. अमरावतीच्या राजापेठेत डोक्यावरून भाजी नेऊन, विकून तिने मला शिकवले, हे मला माहीत होते. त्या वेळी ते नुसते माहीत होते. तेल गार झाले. तिचा श्वास हाताखाली वरखाली होत होता.

"तुह्या बाबाले चमक भरली की तुलेच हाक मारत," ती म्हणाली. "म्हणत, पोराचा पाय हलका हाये."

मी गार तेलाची वाटी बाजूला सरकवली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "लाव. पण मंग पाया नको पडू."

"काहून?"

"पाया पडला म्हंजे पाय लावला व्हता असं होते. नाही पडला त काही झालंच नाही."

काकूंनी तेल पुन्हा कोमट करून दिले. मी भिंतीचा आधार घेतला आणि वजन न टाकता तळवा तिच्या कमरेवरून खाली आणला. मणके एकेक लागले. बाबांचे असेच लागायचे, एवढे आठवले. बाकी काही वाटले नाही. पुन्हा वरून खाली आणला. मधेच माय म्हणाली, "हं, तिथं," आणि मग काही बोलली नाही. तिला झोप लागली होती.

सकाळी ती भिंत धरून उठली. थोडी वाकलेलीच होती, पण चालत मळ्यापर्यंत गेली, वांगी पाहून आली आणि म्हणाली, "बांध सामान."

निघताना घरातल्या देवापुढे नमस्कार करून मी सवयीने तिच्यापुढे वाकलो. तिने पाय मागे घेतले आणि लुगड्याचा घोळ त्यांवर सोडला.

"चाल," ती म्हणाली, "बडनेऱ्याले अकोल्याची गाडी चुकन."