दगडातली आक्का

भूतखेत, दृष्टांत, संचार यांच्याशी माझं कधी जमलं नाही. कवितेतली सावलीसुद्धा मी आधी ऊन कुठून येतंय ते पाहूनच वाचते. तरीही हे लिहिते आहे...

पन्नासच्या दशकात माझे यजमान पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागले आणि आम्ही कासारवाडीला बिऱ्हाड केलं. सासूबाईंची नजर तेव्हा विझत आली होती. मुंबईच्या डॉक्टरांनीही मान हलवली. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून मी त्यांना शहरातल्या नव्या कलादालनात नेलं. दारावर सिमेंटचं छत सुपासारखं वळून पुढे आलेलं. आत ओल्या रंगाचा वास, गार फरशी. त्या गारव्याला देऊळ समजून सासूबाईंनी वहाणा बाहेरच काढल्या, आणि पहिल्याच शिल्पावर — काळ्या दगडातल्या एका वृद्धेच्या मस्तकावर — दोन्ही हात ठेवले.

"ओ आजी, हात लावायचा नाय!" पहारेकरी धावला.

"डोळं गेलं, आता हातबी नको? मग बघू कशानं रं?"

तो ओशाळला. सासूबाईंची बोटं कपाळावरून हनुवटीशी उतरली... थांबली.

"आक्का! बया, म्हातारी झालीस की गं!"

आक्का त्यांची थोरली बहीण. परकरी वयातच इंद्रायणीच्या पुरात गेली. देह सापडला नाही. माहेरी, चऱ्होलीला, दर सर्वपित्रीला भाऊ तिचं पान वाढू पाही आणि सासूबाई आडव्या येत — "जित्या माणसाचं पान वाढतोस व्हय?" त्या वर्षी मात्र थकून त्यांनी होकार दिला होता.

"डाव्या कानामागं बघ, सूनबाई. इळा लागल्याला, माज्याच हातनं."

मस्तक भिंतीला टेकलेलं. मी फटीतून बोटं सरकवली. कानामागे तिरपी, खोल खाच होती.

शिल्पकार तिथेच होता. मुंबईत वाढलेला तरुण. "चेहरा मनातलाच, आजी. खाच म्हणजे छिन्नी घसरली... म्हणून तर ती बाजू भिंतीकडे केली."

हनुवट्या सारख्या असतात, छिन्नी कुणाचीही घसरते — ही उत्तरं मी वर्षानुवर्षं स्वतःला देऊन पाहिली. एकही पुरत नाही.

त्या सर्वपित्रीला भावाने पान मांडलं. सासूबाई चाचपडत गेल्या आणि त्यांनी ते उचललं.

"आगं, तूच वाढ म्हनली व्हतीस न्हवं?" भाऊ चिडला.

"म्हनले व्हते. पर नातवंडांची धनीन हाय आता ती. तिच्या घरी वाढत्याल तिला... ऊन ऊन."