साबुदाण्याचं विरहगीत

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो हसेल म्हणून नाही — हसेल आणि मग चारचौघांत सांगत सुटेल म्हणून. तुम्ही तसे वाटत नाही.

आम्ही परदेशात, पासिर रिसला, नवे होतो तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये सुब्बय्या अंकल राहायचे. बंदरातून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. सुरुवातीच्या तमिळ बोलपटांचं त्यांना वेड. लिफ्टपाशी भेटले की सुरू — तेव्हा एकेका सिनेमात डझनांनी गाणी असायची, नट स्वतःच गायचे, मरणारा माणूससुद्धा गाणं पुरं केल्याशिवाय मरायचा नाही. मला सुरांतलं काही कळत नाही. पण ऐकायची मी. माझ्याशी इतकं सावकाश बोलणारं तिथं दुसरं होतं तरी कोण?

एका रविवारी त्यांनी घरी बोलावलं, मुलीनं दिलेल्या टॅबवर एक जुनं गाणं लावलं आणि विचारलं, "तुमच्या मराठीत असं काही होतं का, मा?"

होतं की. अख्खी संगीत नाटकं होती. तेवढंच सांगायचं ना? पण मी — का, ते आजही नीट सांगता येत नाही — म्हणाले, "अंकल, ही चाल आमचीच आहे. माझे आजोबा नाटकात हे पद गायचे."

माझे आजोबा साताऱ्याला पोस्टात होते. आरतीतसुद्धा त्यांना नुसत्या टाळ्या वाजवायला सांगत.

अंकलना केवढा आनंद झाला. तमिळ नाटकवाल्यांनी मराठी चाली उचलल्याचं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं; आता पुरावा शेजारीच निघाला. त्यांनी मला आपल्या मंडळींपुढे गायला नेलं. आमच्याच ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे तमिळ आजी-आजोबा. नाही म्हणता आलं असतं — आलं असतं ना? चाल तेवढी ऐकून ऐकून पाठ झाली होती, शब्द एकही नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मी डोळे मिटले आणि गायले — साबुदाणा भिजव गं सखे, रात्रभर भिजव, दाण्याचं कूट घाल, मीठ बेतानं घाल.

कुणीतरी अर्थ विचारला. विरहिणी आहे, मी म्हणाले, रात्रभर आसवांत भिजते. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसले.

हसलात? मीही घरी जाऊन हसले होते. पण तिथं गोविंदसामीही होते — अंकलचे शाळेपासूनचे मित्र, दर शनिवारी दोघं ईस्ट कोस्टला समुद्रकाठी फिरायला जात. ते उठून शांतपणे म्हणाले, ही चाल मदुरैकडच्या एका भजनाची आहे, माझी आई गायची. अंकलनी त्यांना सगळ्यांदेखत गप्प केलं. "म्हणजे ह्या मुलीचे आजोबा खोटे?" गोविंदसामी घरी निघून गेले. शनिवारचं फिरणं बंद झालं. अंकल खाली बाकावर एकटेच बसू लागले, आणि मी लिफ्टमधून उतरले की दुसऱ्या बाजूनं जाऊ लागले.

काही महिन्यांनी गोविंदसामी बाजारात भेटले, मासळीवाल्यापुढे. हळूच म्हणाले, "खरं सांग, मा. तुझे आजोबा हेच गायचे?"

इतकी सोपी वाट कुणी कुणाला करून देतं का? एक शब्द पुरला असता.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी थोडी कोळंबी तोलून घेतली. मग म्हणाले, "आई गेली तेव्हा मी लहान होतो. मीच चुकत असेन."

त्या शनिवारी ते अंकलकडे आले आणि त्यांनी माफी मागितली. मलाही बोलावलं होतं. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून बसले. मग मला तेच पद म्हणायला लावलं. गोविंदसामी माझ्यामागून म्हणू लागले — आईची चाल, साबुदाण्याचे शब्द, एकेक अक्षर जपून. 'कूट' त्यांना नीट म्हणता येईना. तो शब्द मी त्यांच्याकडून घोटून घेतला.